एका नावाची निवडणूक

पेरगादच्या लोकांनी आपल्या सरपंचाचं नाव खोडलं, हे त्या सरपंचाला, गास्पार रुकेतला, मार्चमधल्या एका रविवारी संध्याकाळी सात वाजता कळलं. त्यानंतर आठवडाभर तो कुठल्याही खुर्चीत पाच मिनिटांच्या वर बसला नाही.

विरोधात कुणी उभं असतं तर निदान समजण्यासारखं होतं. पण अकरा जागांना अकराच उमेदवार होते आणि सगळे एकाच कागदावर छापलेले. आपल्या डोंगरातल्या लहान गावांत त्या वेळी अशी पद्धत होती, की छापील कागदावरचं जे नाव नको असेल त्यावर पेनानं रेघ मारायची आणि बाकीचा कागद तसाच पाकिटात घालून पेटीत टाकायचा. मोजताना प्रत्येक नावाची मतं वेगळी मोजायची. एकशे अडुसष्ट लोकांनी मत दिलं, निवडून यायला पंच्याऐंशी हवी होती. दहा जण आरामात निवडून आले. ल्युल्यू, ज्याला कॅफेतून घरी पोचवायला दर शनिवारी दोन माणसं लागतात, त्याला एकशे एकसष्ट मतं पडली. गास्पारला एकोणऐंशी.

म्हणजे एकोणनव्वद रेघा. त्या कुणी मारल्या हे शोधायची सोय नव्हती, कारण मोजून झालेल्या मतपत्रिका तिथल्या तिथे जाळायच्या असा नियम, आणि नियमाप्रमाणे गास्पारनंच त्या गावकचेरीच्या शेगडीत जाळल्या होत्या. पण मोजताना रेघा त्याच्या डोळ्यांसमोरून गेल्या होत्या. काही फूटपट्टी लावून ओढलेल्या. काही शिसपेनच्या, इतक्या हलक्या की त्या ग्राह्य धराव्यात की नाही यावर दोन मिनिटं चर्चा झाली. ग्राह्य धरा, असं त्यानंच सांगितलं.

हा माणूस असाच होता. गावच्या पोस्टमनचा मुलगा. सतराव्या वर्षी जिल्ह्याच्या गावी बँकेच्या खिडकीमागे बसला आणि एकेचाळीस वर्षांनी त्याच इमारतीतल्या वरच्या मजल्यावरून, शाखेचा मुख्य म्हणून, बाहेर पडला. एवढ्या वर्षांत त्यानं अर्ध्या पठाराला कर्जं दिली आणि उरलेल्या अर्ध्याला नाही म्हटलं. नाही म्हणण्याची त्याची रीत अशी की माणूस बाहेर पडून गाडीत बसेपर्यंत त्याला कळायचं नाही. निवृत्त झाल्यावर तो वडिलांच्या घरात परतला, दोन वर्षांत सरपंच झाला आणि गावाला कळून चुकलं की हा स्वस्थ बसणारा प्राणी नाही. शाळेचा शेवटचा वर्ग बंद होणार होता, तो ह्यानं तालुक्याला सतरा हेलपाटे घालून वाचवला. मंगळवारी डॉक्टर यायला लागला. बर्फ हटवणारं यंत्र सकाळी सहाच्या आत रस्त्यावर दिसायला लागलं. लोक खूश होते. पण ग्रामसभेत लोकांची कॉफी संपायच्या आत तो कप गोळा करायला लागायचा, आणि कुणी बोलत असताना भिंतीवरची चौकट सरळ करायला उठायचा. बोलणाऱ्याला वाटायचं आपलंच काही वाकडं आहे.

सोमवारी सकाळी उपसरपंच रोलां बास्तीद आला. पन्नास गाईंचा मालक, गास्पारचा शाळासोबती. बूट दारात काढावेत की नाही या विचारात तो बराच वेळ उंबऱ्यावर उभा राहिला.

"बघ," तो म्हणाला, "एकच जागा राहिलीय आणि तू एकटाच आहेस. या रविवारी एक मत पडलं तरी तू निवडून येतोस. कायदाच तसा आहे."

"एक मत आहेच. माझं."

"मग झालं तर. काळजी कसली?"

"तू खोडलंस का?"

"मी?" रोलांनं टोपी काढून छातीशी धरली. "कमाल करतोस. सकाळी सकाळी माणसाच्या तोंडावर असं विचारतात?"

तो कॉफी न घेताच गेला. गास्पार खिडकीतून बघत राहिला आणि रोलां कोपऱ्यावर वळेपर्यंत त्याला खात्री पटली होती की ह्यानं खोडलं. दुपारपर्यंत खात्री पटली की नाही खोडलं. संध्याकाळी सोलांज, त्याची बायको, भाजी चिरत होती आणि तो स्वयंपाकघरात खिडकीपासून चुलीपर्यंत आणि चुलीपासून खिडकीपर्यंत चालत होता.

"बस ना जरा," ती म्हणाली. "फरशी झिजायची."

"शंभर," तो म्हणाला.

"काय शंभर?"

"रविवारी शंभर लोक आले तर राहायचं. नव्याण्णव आले तर सोमवारी तालुक्याला जाऊन राजीनामा देतो आणि आपण कोरालीकडे जाऊ."

कोराली त्यांची मुलगी, समुद्रकाठच्या गावात राहणारी. तिच्याच जिन्यावरची वरची जागा रिकामी झाली होती आणि ती महिनाभर मागे लागली होती.

सोलांजनं सुरी खाली ठेवली. "एका माणसासाठी शंभर जण पुन्हा रविवार मोडतील? निकाल आधीच ठरलेला असताना?"

"तेच तर बघायचंय."

"चालेल मला. समुद्रकाठी निदान येरझाऱ्या घालायला लांबच लांब जागा आहे."

ती चेष्टेत बोलली, पण तिला जायचं होतं हे तो जाणून होता. आणि आपल्याला जायचं नाही हेही. वडिलांनी सायकलवरून ज्या वाटांनी पत्रं वाटली, त्या वाटांवर मरावं एवढीच त्याची इच्छा होती, पण नको असलेल्या ठिकाणी चिकटून राहणारा माणूस व्हायचं नव्हतं. असली माणसं त्यानं बँकेत पुष्कळ पाहिली होती.

मंगळवारपासून दारात वस्तू यायला लागल्या. आधी डझनभर अंडी, गवतात ठेवलेली. मग अक्रोडाच्या तेलाची बाटली. मग डुकराच्या मांसाचं वाटण भरलेली बरणी, आणि दुसऱ्या दिवशी अशाच तीन. गुरुवारी वर्तमानपत्रात गुंडाळलेला सोललेला ससा. कुणी घंटी वाजवली नाही, कुणी चिठ्ठी ठेवली नाही. रस्त्यात भेटणारे हवेबद्दल बोलायचे, यंदा कुरणं उशिरा हिरवी होणार म्हणायचे, आणि घाईघाईनं काढता पाय घ्यायचे.

"खोडणाऱ्यांनी आपलं फडताळ भरलं," सोलांज बरण्या लावत म्हणाली. "आणखी एकदा पडलास तर वर्षाची बेगमी होईल."

गास्पारला हसू आलं नाही. प्रत्येक बरणीचं झाकण बघून तो ही कुणाची असेल ते ओळखायचा प्रयत्न करायचा, आणि ओळखलं की त्या माणसाला आपण कोणत्या साली काय नाकारलं होतं ते आठवायचा. अंडी मारिनेत काझालची असणार, तपकिरी आणि लहान. म्हातारीच्या नवऱ्याला एक्याण्णव साली चीजच्या तळघरासाठी कर्ज हवं होतं. गास्पारनं कागद तीन आठवडे ठेवून परत केले होते. नवरा गेला, तळघर झालंच नाही, आणि मारिनेत मात्र गेली तेवीस वर्षं तो दिसेल तेव्हा हात हलवून दिवस चांगला जावो म्हणत होती. आता त्याला वाटायला लागलं की तेवीस वर्षं ती ह्या रविवारची वाट बघत होती. असले विचार करणाऱ्या माणसाची भूक मरते. ससा सोलांजनं एकटीनं खाल्ला.

शनिवारी तो सकाळपासून राजीनामा लिहायला बसला. बसला म्हणजे उभ्यानंच, उंच कपाटावर कागद ठेवून. पहिल्या मसुद्यात कटुता जास्त होती, दुसऱ्यात नम्रता. तिसऱ्यात त्यानं शाळा, डॉक्टर आणि बर्फाचं यंत्र यांचा उल्लेख केला आणि आपणच आपली पाठ थोपटतोय असं वाटून फाडला. अंधारून येईपर्यंत असे नऊ कागद झाले. नवव्यात दोनच ओळी होत्या. हस्ताक्षर नेहमीसारखं स्वच्छ आलं होतं.

रविवारी सकाळी आठला त्यानं मतदान सुरू केलं. टेबलामागे तो, कागदपत्रं बघणारी कारकून नादेज, आणि साक्षीदार म्हणून गावातले दोन म्हातारे. काचेची पेटी, दोन कुलपं, एक किल्ली गास्पारकडे. खोली आतल्या अंगणाकडे, तिथून चौक दिसत नाही. पहिलं मत त्यानं स्वतः टाकलं, दुसरं सोलांजनं. मग बराच वेळ कुणी आलं नाही. चर्चला जाणाऱ्या पाचसहा बायका येऊन गेल्या. शाळेच्या बाई आल्या, त्यांच्या मागून शहरात कामाला जाणारी तीनचार तरुण जोडपी. गास्पार प्रत्येकाकडे बघून मान हलवायचा आणि मनात आकडा पुढे करायचा.

दुपारी एकच्या सुमाराला ल्युल्यू डोकावला. "मी जेवून येतो," तो म्हणाला. "आत्ताशी बाराच तर वाजतायत."

गास्पारनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. ल्युल्यूच्या तोंडी कुठलीही वेळ विचित्र वाटत नसे.

तीन वाजता बावीस. चार वाजता पंचवीस. नादेज विणकाम काढून बसली. म्हाताऱ्यांपैकी एक घोरायला लागला, दुसऱ्यानं त्याला कोपरखळी मारली आणि मग स्वतःच पेंगायला लागला.

"पाच ते सहामध्ये येतात सगळे, रुकेतसाहेब," नादेज म्हणाली. "गेल्या रविवारीही तसंच झालं. पत्त्यांचा डाव संपवायचा, मत टाकायचं आणि दूध काढायला जायचं. तुम्हाला काय सांगायचं."

पाच वाजले, सव्वापाच झाले. साडेपाचला टपालवाली येऊन गेली. एकतीस. गास्पार उठला, बसला, पेटी एक बोट डावीकडे सरकवली, परत उजवीकडे. पावणेसहा झाले. दार उघडं होतं आणि बाहेरच्या बोळात एक मांजर सोडलं तर कुणी नव्हतं. ठीक आहे, त्यानं स्वतःला बजावलं, आता कळलं ना. खोडणाऱ्यांना निदान खोडण्यापुरती तरी आपली आठवण झाली होती.

हातातल्या घड्याळात बरोबर सहा झाले तेव्हा तो उभा राहिला. "सहा वाजले. मतदान बंद झालं," त्यानं जाहीर केलं. नादेजनं कागदावर वेळ लिहिली.

त्यानं पेटीच्या कुलपाला किल्ली लावली, तेवढ्यात बोळातून बुटांचा आवाज आला. दोघाचौघांचा नव्हे, जत्रेला निघाल्यासारखा. सगळ्यात पुढे रोलां, मागे कॅफेतले पत्तेवाले, त्यांच्या बायका, वरच्या वस्तीवरचे बेझभाऊ, ल्युल्यू, आणि काठी टेकत मारिनेत काझाल. सगळ्यांच्या हातात घडी केलेले कागद.

"थांबा," गास्पार म्हणाला. "बंद झालं."

"काय बंद झालं?" रोलांनं विचारलं.

"मतदान. सहाला संपतं."

"सहाला संपतं ते माहितीय आम्हाला. आत्ता पाच वाजलेत."

"सहा."

"अरे, आत्ता घड्याळ बघून आलो की चौकातलं."

गास्पारनं आधी हातातल्या घड्याळाकडे, मग दाराकडे बघितलं. मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळ्या देशाची घड्याळं तासानं पुढे जातात. पेरगादमध्ये मात्र कुणी आपणहून काटा फिरवत नाही. गाईंना पॅरिसची वेळ कळत नाही असं म्हणून लोक थांबतात, आणि गावकचेरीच्या दर्शनी भिंतीवरचं मोठं घड्याळ पुढे गेलं की घरातली घड्याळं पुढे करतात. ते मोठं घड्याळ पुढे करायचं काम, जुना शिपाई गुडघ्यानं अधू झाल्यापासून, सरपंचाचं. दर वर्षी आदल्या शनिवारी दुपारी शिडी लावून तो वर चढतो. या शनिवारी दुपारी तो राजीनाम्याचा सहावा मसुदा लिहीत होता; हातातलं घड्याळ तेवढं रात्री सवयीनं पुढे केलं होतं.

"मी विसरलो," तो म्हणाला. सहा वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

नादेजनं हळूच समोरचा कागद ओढला. "पेटी अजून बंदच आहे," ती कागदाकडेच बघत म्हणाली. "हे पान मी नव्यानं लिहिते. दहा मिनिटांचं काम."

दोन्ही म्हातारे साक्षीदार एकदम जागे झाले होते. "मला तर काही ऐकू आलं नाही," एक म्हणाला. "मला दिसतही नाही नीट," दुसरा म्हणाला.

गास्पारनं दारातल्या गर्दीवर नजर फिरवली. सवय होती, आपोआप मोजली गेली. सत्तरच्या पुढे. एकतीस आणि सत्तर. घर, वडिलांच्या वाटा, सगळं त्या दारात उभं होतं आणि फक्त बाजूला होऊन या म्हणायचं होतं. त्याला ते फार हवं होतं. आणि म्हणूनच त्याला भीती वाटली. ज्याला सगळ्यात जास्त हवं आहे त्यानंच वेळ मागे घेतली, तर उद्या कुणालाही कशाला नाही म्हणायचं तोंड उरणार नाही.

"नाही," तो म्हणाला. "वेळ लिहिली गेली आहे."

मग जो गोंधळ झाला तो पेरगादनं मागच्या गारपिटीनंतर पाहिला नव्हता. "हा बघा, पुन्हा खिडकी बंद करून बसला," कुणीतरी मागून ओरडलं. "बँक सुटली, खोड सुटली नाही," बेझभाऊंपैकी थोरला म्हणाला. रोलां तर लाल झाला होता. "तुझ्यासाठी डाव अर्धा टाकून आलो मी. जिंकत होतो. तुझं नाव खोडलं म्हणून आठवडाभर झोप नाही मला, आणि तू—"

तो थांबला.

"म्हणजे तू खोडलंस," गास्पार म्हणाला.

"खोडलं," रोलां म्हणाला. "एकट्या माझ्या रेघेनं काय होणार होतं? बाकीचे देणारच होते."

"बाकीचे म्हणजे कोण? मी पण खोडलं," ल्युल्यू म्हणाला.

"मी शिसपेननं खोडलं, तेही हलकंच," शिंप्याची बायको म्हणाली आणि खाली बघायला लागली. मग एकेक जण बोलायला लागला. तू पण? मला वाटलं मी एकटाच. एवढे सगळे मूर्ख एका गावात कसे राहतात, असं कुणी म्हणालं तेव्हा दोघंतिघं हसले, आणि राग जरा उतरला.

मोजणी सगळ्यांदेखत झाली. एकतीस पाकिटं, एकतीस मतं. गास्पार रुकेत निवडून आला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोक बाहेर चौकात गेले पण घरी गेले नाहीत, गाई हंबरत असतील हे माहीत असूनही. गास्पार सही करून बाहेर आला तेव्हा सोलांज पायरीपाशी होती. तिनं त्याला आकडा विचारला नाही.

मारिनेत काझाल पायरीवरच बसली होती. कागद तिनं अजून हातात धरला होता.

"तुम्हीही, काझालबाई?" गास्पारनं विचारलं. "त्या तळघराच्या कर्जामुळे?"

"कुठलं कर्ज?" म्हातारीनं डोळे बारीक केले. "ते होय. ते दिलं असतंस तर माझा माणूस घरादाराला मुकला असता. मी तेव्हाच मेणबत्ती लावली होती तुझ्या नावानं."

"मग?"

"मग काय. सगळे तुलाच मत देणार हे दिसत होतं. आपल्या माणसाला जरा जमिनीवर ठेवावं लागतं. नवरा सभासद होता तेव्हा मी त्याला तीनदा खोडलं. त्याच्याशेजारी झोपत होते तरी." तिनं कागद उलगडून गुडघ्यावर सरळ केला. वर एकच नाव होतं आणि त्यावर रेघ नव्हती. "आठवडाभर मला चैन नव्हतं. आज नीट करायला आले, तर तू दार लावलंस. आता हे मी कुठं टाकू?"

आठवडाभर गास्पार ज्याच्यासाठी तडफडत होता ते हेच होतं, आणि त्यानंच ते दाराबाहेर ठेवलं होतं. डोळे भरून आले आणि ते त्यानं पुसलेही नाहीत.

"पुढची निवडणूक सहा वर्षांनी," तो म्हणाला.

"मी चौऱ्याऐंशीची आहे, गास्पार. तोवर गेले तर? तू टाकशील माझ्या वतीनं?"

"दुसऱ्याच्या वतीनं टाकायचं तर आधी पोलीस ठाण्यात जाऊन मुखत्यारपत्र करावं लागतं," तो म्हणाला. शब्द नेहमीचे होते. "आणि मेलेल्या माणसाचं चालत नाही."

"बघा," मारिनेत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हा असाच."

"तेव्हा तुम्हाला नव्वदीपर्यंत जगावं लागेल. इलाज नाही."

"आणि तुला?"

गास्पारनं सोलांजकडे बघितलं. तिनं चौकात थांबलेल्या लोकांकडे बघितलं, मग खिशातून फोन काढून, वरची जागा आता नको हे सांगायला मुलीचा नंबर लावत घराकडे चालू लागली. तो मारिनेतच्या शेजारी, पायरीवर, खाली बसला.

"मला पेटीपाशी हजर राहावं लागेल," तो म्हणाला. "त्याशिवाय तुम्ही मत कुणाला देणार?"